ठाण्याच्या साक्षीदाराची उलटतपासणी

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात वसईला एका ख्रिस्ती लग्नाला गेलो होतो. मांडवात पंखे गरम हवा फिरवत होते, बँडवाले दोन गाण्यांच्या मध्ये पाणी पीत होते, आणि आमच्या टेबलावर फुगे (तळलेले गोल पाव) आणि विंदालूच्या जोडीला इतिहास वाढला गेला. ठाण्याहून आलेले एक निवृत्त काका सहज म्हणाले, "तुमच्याकडचं सगळं कसं झकास असतं, पण शेवटी हे पोर्तुगीजांबरोबर आलेलं." वसईचे एक जुने मास्तर शेजारीच होते. त्यांनी फुगा ताटात ठेवला. "पोर्तुगीज यायच्या दोनशे वर्षं आधी सोपाऱ्यात चर्च होतं. जॉर्डेनस नावाचा बिशप इथे राहून गेला." काकांकडे उत्तर तयार होतं. "म्हणजे घुसखोरी दोनशे वर्षं आधी सुरू झाली, एवढंच."

टेबल हसलं, पण वाद मिटला नाही. तो मिटत नसतोच. हाच वाद मी मोबाइलवरच्या गटांत, व्याख्यानांनंतरच्या प्रश्नोत्तरांत आणि एकदा लोकलच्या डब्यातही ऐकला आहे, आणि प्रत्येक वेळी जॉर्डेनस या माणसाला कुणीतरी कागदपत्रासारखं खिशातून काढतं, टेबलावर आपटतं आणि परत खिशात ठेवतं. कागद उलगडून वाचायचे कष्ट मात्र कुणी घेत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. हा माणूस कुणाच्या देशीपणाचा दाखला नाही आणि कुणाच्या परकेपणाचं आरोपपत्रही नाही. तो साक्षीदार आहे, चौदाव्या शतकातल्या आपल्या किनाऱ्याचा एक दुर्मीळ, हट्टी, पक्षपाती साक्षीदार. साक्षीदाराची आरती करत नाहीत, त्याला हाकलूनही देत नाहीत. त्याची उलटतपासणी घेतात.

आधी मास्तरांची एक दुरुस्ती. जॉर्डेनस कोकणात होता तेव्हा तो बिशप नव्हता, डॉमिनिकन संघाचा साधा संन्यासी होता. दक्षिण फ्रान्समधलं सेव्हेराक हे त्याचं गाव. इराणातून होर्मुझमार्गे तो जहाजात बसला, सोबत फ्रान्सिस्कन संघाचे चौघे होते: टोलेंटिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्रियस, जो दुभाषाचं काम करी. निघाले होते केरळातल्या कोल्लमला, पण जहाजवाल्यांनी आणून सोडलं ठाण्यात. साल १३२१. पुढे आठ वर्षांनी, म्हणजे १३२९ च्या ऑगस्टमध्ये, फ्रान्समधल्या आव्हिन्यों इथे राहणाऱ्या पोप बाविसाव्या जॉनने कोल्लमचा धर्मप्रांत स्थापन केला आणि जॉर्डेनसला त्याचा बिशप नेमलं. रोमच्या पंथाचा हिंदुस्थानातला हा पहिला धर्मप्रांत, गोव्याच्या सुमारे दोनशे वर्षं आधीचा. पण हा बिशप आपल्या गादीपर्यंत पोचला का? तसा पक्का पुरावा नाही. १३३० साली त्याच्या नावे पोपची पत्रं निघतात आणि मग माणूस कागदावरून नाहीसा होतो. त्याला मुंबईत दगडांनी ठेचून मारलं अशी एक परंपरा आहे, पण ती परंपराच. तेव्हा "इथे राहून गेलेला बिशप" हे वर्णन ऐकायला चांगलं असलं तरी ते एका माणसाच्या आयुष्यातले दोन वेगवेगळे तुकडे चिकटवून केलेलं आहे.

आता ठाण्यात काय झालं ते नीट सांगायला हवं, कारण दोन्ही बाजूंचं अडतं इथेच. तेव्हाचं ठाणं हे बंदराचं गाव, दिल्लीच्या सुलतानाचा अंमल त्यावर अलीकडेच बसलेला. पाहुणे उतरले ते एका नेस्टोरियन, म्हणजे रोमला न मानणाऱ्या पूर्वेकडच्या पंथाच्या, ख्रिस्ती कुटुंबाच्या घरी. अशी पंधरा घरं गावात होती. यजमान नवराबायकोत भांडण झालं, नवऱ्याने बायकोला मारलं. ती थेट काझीकडे गेली. साक्षीदार कोण, असं विचारल्यावर तिने घरी उतरलेल्या परदेशी पाहुण्यांची नावं सांगितली. (सातशे वर्षांपूर्वी ठाण्यातली एक बाई मारहाणीची फिर्याद घेऊन काझीपुढे उभी राहिली होती, हे मला या सगळ्या हकिकतीत सर्वांत महत्त्वाचं वाटतं. तिचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलेलं नाही.) तिथे आलेक्झांड्रियाचा युसुफ नावाचा एकजण म्हणाला, हे फ्रंगी धर्माचे जाणकार आहेत, यांच्याशी वाद घालू या. वाद झाला. पैगंबरांबद्दल तुमचं मत काय, असा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला आणि शेवटी थॉमसने जे उत्तर दिलं ते जाणूनबुजून अपमान करणारं होतं. शहराच्या मलिकाला, म्हणजे अंमलदाराला, प्रकरण मिटवायचं होतं. त्याने त्यांना गाव सोडायला सांगितलं. नेस्टोरियन यजमान स्वतः सोबत गेला, छोटीशी खाडी ओलांडून पलीकडच्या वस्तीत त्यांना पोचवलं, आणि तिथे त्यांना आसरा मिळाला तो एका मूर्तिपूजकाच्या, म्हणजे हिंदूच्या घरात. काझीने मलिकाचं मन वळवलं आणि माणसं पाठवली. ९ एप्रिलला तिघे आणि ११ एप्रिलला चौथा पीटर मारला गेला. जॉर्डेनस त्या वेळी ठाण्यात नव्हता, भडोचच्या दिशेने गेला होता. बातमी कळल्यावर तो परतला आणि इटलीतल्या जिनोआच्या एका तरुण व्यापाऱ्याच्या मदतीने त्याने प्रेतं सोपाऱ्याला नेऊन पुरली. थॉमसला चर्चने १८९४ साली धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं.

मास्तरांना यात हुतात्मे दिसतात आणि काकांना आगाऊ परदेशी. दोघांना जे हवं ते त्यात आहे, हे मी मान्य करतो. थॉमस मरायला तयार होऊन आला होता आणि त्याने तोंडही सांभाळलं नाही. पण गोष्ट सांगतंय कोण, हे दोघांपैकी एकानेही विचारलं नाही. काझीचा दरबार, खाडी, युसुफ हा सगळा तपशील ओडोरिक या दुसऱ्या फ्रान्सिस्कनच्या वृत्तांतातला आहे. तो वर्षा-दोन वर्षांनी ठाण्यात आला, त्याने हाडं उकरली आणि जहाजातून थेट चीनमधल्या झैतून बंदरापर्यंत नेली. त्याच्याच वृत्तांतात जेम्सला आगीत टाकल्यावर आग त्याला जाळत नाही. अग्निदिव्याच्या चमत्काराला ऐकीव म्हणून बाजूला ठेवायचं आणि काझीच्या सवालजवाबाला मात्र शब्दन् शब्द खरं मानायचं, हे कसं चालेल? दोन्ही एकाच तोंडून आलेलं आहे. म्हणून मी त्यातल्या त्या गोष्टींवर जास्त विश्वास ठेवतो ज्या सांगण्यात ओडोरिकचा काही फायदा नव्हता. नवराबायकोचं भांडण ही त्यातली एक. हिंदूच्या घरातला आसरा ही दुसरी. संतचरित्र रचणारा माणूस अशी सामग्री मुद्दाम घडवत बसत नाही.

आता काकांचा सर्वांत भक्कम मुद्दा. तो त्यांनी मांडला नाही, पण मांडायला हवा होता. जॉर्डेनसने हिंदुस्थानातल्या नवलाईंवर लॅटिनमध्ये एक छोटं पुस्तक लिहिलं. हेन्री युल या स्कॉटिश अधिकाऱ्याने त्याचं १८६३ साली भाषांतर केलं, त्यामुळे ते आज कुणालाही वाचता येतं. त्यात तो लिहितो की इथल्या मूर्तिपूजकांतच अशी भाकितं आहेत की आम्ही लॅटिन लोक एके दिवशी सगळं जग जिंकणार. फ्रान्सचा राजा कुणाच्या मदतीशिवाय सारं जग ख्रिस्ती धर्माखाली आणू शकेल, असंही त्याला वाटतं. आणि आपल्या एका पत्रात तो हळहळतो की पोपने या समुद्रात दोन लढाऊ गलबतं जरी ठेवली तरी केवढा लाभ होईल, आलेक्झांड्रियाच्या सुलतानाचं केवढं नुकसान होईल! हे वाचून कुणाला पुढचे पोर्तुगीज सेनानी आल्मेडा आणि आल्बुकर्क आठवले तर मी त्याला दोष देणार नाही. अरबी समुद्रात गलबतं आणून मिसरचा मसाल्याचा व्यापार तोडायचा, हाच पोर्तुगीजांचा बेत होता आणि तो जॉर्डेनसने जवळजवळ दोनशे वर्षं आधी कागदावर उतरवला होता. "बिचारा धर्मवेडा फकीर, त्याला राजकारणाशी काय कर्तव्य" ही सारवासारव टिकणारी नाही.

पण एवढ्यावरून तो सैन्याचा टेहळ्या ठरतो का? टेहळ्याच्या मागे सैन्य असावं लागतं. याच्या मागे होता रोम सोडून फ्रान्सच्या सावलीत बसलेला एक पोप, ज्याला इटलीतलीच आपली शहरं राखताना नाकीनऊ आले होते. आणि समोर होता एकटा पडलेला माणूस, जो आपल्या पत्रात लिहितो की चाच्यांनी पकडलं, तुरुंगात टाकलं, शिव्याशाप खाल्ले, अंगावर संघाचा झगाही उरला नाही. स्वप्न बघणं आणि आरमार पाठवणं यांत फरक असतो, आणि तो फरक आपण इतरांच्या बाबतीत अगदी सहज करतो. अल-बिरूनी हिंदुस्थानात कुणाच्या राज्यात वावरला? गझनीच्या महमूदाच्या. त्याच्या मागे खरंखुरं सैन्य होतं, स्वप्नातलं नव्हे. तरीही अकराव्या शतकातलं आपलं ज्योतिष, कालगणना, चालीरीती समजून घ्यायच्या तर त्याच्याच दारात जावं लागतं, आणि आपण जातो. इब्न बतूता दिल्लीत तुघलकाचा काझी होता, त्याच्या नजरेतही स्वतःच्या धर्माचा तराजू सतत हलताना दिसतो. ह्युएन त्संगला तर बौद्ध नसलेल्या पंडितांबद्दल फारसं चांगलं बोलवतच नाही. या तिघांना पाठ्यपुस्तकात जागा आणि ठाण्याच्या खाडीवर उतरलेल्याला मात्र "घुसखोर", हा कुठला न्याय? त्यांचा पक्षपात लक्षात ठेवून आपण त्यांना वाचतो, तसंच यालाही वाचावं.

वाचलं तर काय हाती लागतं? पारशांचं एक नेमकं वर्णन. नाव त्याला ठाऊक नाही, पण आगीची पूजा करणारे काही लोक आहेत, ते मेलेल्यांना पुरत नाहीत, जाळत नाहीत, छप्पर नसलेल्या मनोऱ्यात पक्ष्यांसाठी उघडे ठेवतात, असं तो लिहितो. सतीबद्दल लिहितो, आणि ते ऐकीव नाही, स्वतः पाहिलेलं: एका मृताबरोबर पाच जिवंत बायका चितेवर चढल्या. नारळाला तो "नारगिल" म्हणतो. फणस त्याच्या कानावर मल्याळी उच्चाराने पडलेला आहे, आणि एक फळ पाच माणसांना पुरतं असं तो गंभीरपणे नोंदवतो. आणि एक फळ आहे मोठ्या आलुबुखारासारखं, इतकं गोड आणि नाजूक की शब्दांत सांगता येत नाही, त्याचं नाव "अनिबा". लॅटिन वाक्याच्या मधोमध आपला आंबा असा बसलेला पाहून मला हसू आलं होतं. याच पुस्तकात ड्रॅगनही आहेत, पण ते "तिसऱ्या हिंदुस्थानात", म्हणजे पूर्व आफ्रिकेकडे, आणि तिथे आपण गेलो नाही, विश्वासू माणसांकडून ऐकलं, असं तो आधीच सांगून टाकतो. पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं ठेवणारा साक्षीदार कुठल्याही कोर्टात भाव खाऊन जातो.

आता मास्तरांकडे वळू. त्यांचा मुद्दा काकांच्या मुद्द्यापेक्षा पुराव्याने जास्त भरलेला आहे. सहाव्या शतकात कॉस्मस हा आलेक्झांड्रियाचा व्यापारी "कल्लियाना" इथे इराणात अभिषेक झालेला बिशप असल्याचं लिहितो. ते आपलं कल्याण की दक्षिणेतलं दुसरं एखादं गाव यावर अभ्यासकांचं भांडण आहे, पण कल्याणचा दावा दुबळा म्हणता येणार नाही. पुढे ठाण्यातली पंधरा घरं. शिवाय जॉर्डेनसने स्वतः सुमारे ३०० जणांना बाप्तिस्मा दिल्याचं लिहिलं आहे. तेव्हा पोर्तुगीजांच्या आधी या पट्ट्यात ख्रिस्ती होते यात शंका नाही, आणि "सगळं पोर्तुगीजांबरोबर आलं" हे काकांचं वाक्य सरळ चूक आहे.

पण मास्तर, त्या पंधरा घरांबद्दल तुमचे साक्षीदार काय म्हणतात ते वाचलंत का? ओडोरिक त्यांना पाखंडी म्हणतो. जॉर्डेनस म्हणतो की हे स्वतःला ख्रिस्ती म्हणवतात पण आहेत कुठे, यांना बाप्तिस्मा नाही, धर्माची काही माहिती नाही, हे तर संत थॉमसलाच ख्रिस्त समजतात! ज्यांच्या घरी उतरले, ज्यांनी खाडीपलीकडे पोचवलं, त्यांच्याबद्दल हे मत. १३३० साली पोपने कोल्लमच्या नसराणी ख्रिस्त्यांना पत्र पाठवलं त्याचाही सूर हाच: फूट सोडा आणि रोमच्या छत्राखाली या. पुढे १५९९ च्या उदयंपेरूरच्या धर्मसभेत पोर्तुगीजांनी केरळच्या याच समाजावर जी जबरदस्ती केली, आणि १६५३ मध्ये मट्टनचेरीच्या क्रूसाला दोर बांधून त्या समाजाने पोर्तुगीज पाद्र्यांचं न मानण्याची जी शपथ घेतली, त्या भांडणाचं बी या पत्रात आहे. म्हणजे जॉर्डेनसला साक्षीला बोलावून "आमची मुळं इथली" हे सिद्ध करायला जावं, तर तो साक्षीदार उठून सांगतो की इथले मूळचे ख्रिस्ती ख्रिस्तीच नव्हते. आपल्याच वकिलाला तोंडघशी पाडणारा साक्षीदार म्हणतात तो हा.

दुसरं, सलगता. त्या ३०० जणांचं आणि पंधरा घरांचं पुढे काय झालं याचा माग लागत नाही. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली, आजचा वसईचा कॅथलिक समाज आकाराला आला तो त्यानंतर. त्यातलं सगळंच काही मनाच्या ओढीने झालं नाही, देवळं पडली, सत्तेचा धाक होता, गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, बसलं. हे झाकण्यासाठी १३२१ चा पडदा वापरणं मला पटत नाही. काकांनी विचारलेला प्रश्न चुकीचा होता म्हणून त्याला अर्धवट उत्तर दिलेलं चालतं, असं नाही.

आणि प्रश्न चुकीचाच होता. मास्तर त्या प्रश्नाला उत्तर देऊ लागले तिथेच हरले. "तुम्ही केव्हा आलात" या तारखेवर माणसाचं इथलेपण ठरवायचं हा नियम एकदा मान्य केला की १३२१ दाखवणाऱ्याला कुणीतरी १२००चा शिलालेख दाखवतो, आणि ही शर्यत संपत नाही. मग पारशांचं काय करायचं? अलिबागच्या आसपास तेल गाळणाऱ्या बेने इस्रायलींचं काय? त्यांनी आपल्या येण्याच्या तारखेचे दाखले कुणाला दिले? १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज गेले, त्यांच्या धर्मसत्तेचा दंडुका गेला. काही कुटुंबं शुद्ध होऊन परत आली, पण बहुसंख्य ख्रिस्ती तिथेच राहिले आणि ख्रिस्तीच राहिले, मराठ्यांच्या राज्यात, केळी आणि पानमळे शिंपत. मला विचाराल तर इथलेपणाचा प्रश्न निघालाच तर १३२१ पेक्षा १७३९ नंतरची ही वर्षं जास्त बोलकी आहेत. धाक उठल्यावरही जे टिकतं ते माणसांनी आपलं मानलेलं असतं.

काकांना आणि मास्तरांना मी हे सगळं मांडवात ऐकवलं असं नाही. एवढा वेळ कुणी देत नाही. पण मोबाइलवर युलचं भाषांतर होतं, ते उघडलं आणि म्हटलं, दोन वाक्यं वाचतो, तुम्हा दोघांपैकी कुणाच्या कामाची आहेत ते सांगा. पहिलं असं, की या देशातले लोक खाण्यापिण्यात अतिशय स्वच्छ, बोलण्यात खरे आणि न्यायात चोख आहेत, आणि प्रत्येकाचे त्याच्या पायरीप्रमाणे जुन्या काळापासून चालत आलेले हक्क ते काळजीपूर्वक सांभाळतात. काका खूश झाले. दुसरं वाक्य असं, की इथे "डुंब्री" नावाचेही लोक आहेत. ते मेलेलं जनावर खातात, त्यांना पूजेला कुठलाच देव नाही, आणि त्यांना दुसऱ्यांची हलकी कामं करावी लागतात, ओझी वाहावी लागतात.

ही दोन वाक्यं एकाच माणसाची, एकाच पुस्तकातली. पायरीप्रमाणे हक्क सांभाळण्याला तो न्याय म्हणतो, आणि त्या पायऱ्यांच्या तळाशी कोण आहे तेही त्याला दिसतं, पण या दोहोंची सांगड तो घालत नाही. ज्याला प्रत्येक आत्मा वाचवायचा होता त्या माणसाला यात खटकण्यासारखं काही दिसलं नाही. काझी, मलिक, नेस्टोरियन, सगळ्यांशी त्याचं वाकडं होतं, फक्त या व्यवस्थेशी नव्हतं. आणि पोर्तुगीजांनंतरच्या वसईतही क्रूस गळ्यात आला म्हणून पायऱ्या मोडल्या असं झालं नाही. सोयरीक जुळवताना सामवेदी कोण, वाडवळ कोण, कोळी कोण हे पुष्कळ काळ पाहिलं जात होतं, हे मास्तरांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

मास्तर थोडा वेळ ताटाकडे बघत राहिले. काका म्हणाले, "ते जाऊ दे, त्याने आंब्याबद्दल काय लिहिलंय म्हणालास?" मी "अनिबा" वाचून दाखवलं. दोघेही खळखळून हसले. मग यंदा हापूस उशिरा आला, वाशीला पेटीचा भाव काय निघाला आणि देवगडच्या नावाखाली कुठला कुठला माल खपवतात यावर त्यांचं अर्धा तास एकमत झालं.